करवंदाच्या जाळीत अर्धा तास

वरची वाडी, २७ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल फोन केला तर पलीकडून फक्त तुझा श्वास ऐकू आला. डॉक्टरांनी तुला सहा आठवडे एक अक्षर बोलायचं नाही म्हणून सांगितलंय हे मला ठाऊक आहे. गळ्यातून काढलेली गाठ साधी निघाली हेही ठाऊक आहे. तरी तो नुसता श्वास ऐकून मी फोन ठेवून दिला. तू भाषणाला उभा राहिलास की देवरूखच्या बाजारातली माणसं तराजू खाली ठेवून ऐकतात, आणि तू असा मुका! त्यापेक्षा लिहिते. मोबाईलवर अंगठ्याने विचार करता येत नाही असं तूच म्हणतोस, तेव्हा कागदच बरा. तुझा बाबल्या कंडक्टर पाकीट रत्नागिरी स्टँडवर आणतो आणि तिथून आमच्या वाडीतला युसुफ ते रिक्षातून घरी पोचवतो. पोस्टापेक्षा लवकर मिळतं.

काल आम्ही सगळे सड्यावर गेलो होतो. सडा म्हणजे आमच्या डोक्यावरचा तो कातळाचा उघडा माळ. माझ्या लग्नानंतर तू एकदा चढलास आणि दम लागला म्हणून भाषण न करताच उतरलास, तोच. तिथे पुण्याहून उत्खनन करणारी मंडळी आली आहेत. सुट्टीत गावातल्या मुलांना काम दाखवू म्हणाली, म्हणून आमची संस्कृती आठ दिवस आधीपासून नाचत होती. विनीतही दिवाळीला मुंबईहून आलेला, तो लेकीसाठी निघाला, सासूबाईही निघाल्या. कातळात एका जागी माती साठलीय, तिथे त्यांनी दोऱ्या ताणून चौकोन पाडलेत. एका चौकोनात एकच माणूस बसतो, आणि तो खणत नाही, मायेने खरवडतो. सानवी नावाची शिकाऊ मुलगी होती. तिने संस्कृतीच्या हातात ब्रश दिला आणि नखाएवढं गारगोटीचं पातं दाखवलं. म्हणाली, हे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मासा कापायला केलं असेल.

"मग माशाचं काय झालं?"

"खाल्ला."

"खवल्यांसकट?"

सानवी बिचारी वहीत बघायला लागली.

दुपारी कातळ असा तापला की पाय ठरेना. सड्यावर सावली एकच, राखणदाराच्या करवंदाच्या जाळीची. आत गावाच्या राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड आहे. वर्षातून एकदा महिपत गुरव आत जाऊन त्याला कोंबडा-नारळ देतो, एरवी तिथे कुणी पाऊल टाकत नाही. खड्डे तिथून वीस पावलांवर. आम्ही पाणी पीत होतो तोवर संस्कृती डबा घेऊन थेट आत गेली आणि गवतात फतकल मारून, दगडाला पाठ टेकून बसली. आमच्या लक्षात आलं तेव्हा अर्धा तास झाला होता आणि तिचं दुसरं घावन चाललं होतं.

सासूबाई लांबूनच ओरडत होत्या, "भायेर ये गो बाय माजे, भायेर ये!" पण आत जायचं धाडस त्यांनाही होईना. शेवटी विनीतने ओढून काढली. महिपत गुरव तिथेच होता. राखणदाराच्या इतक्या जवळ खणतायत म्हणून तो रोज लक्ष ठेवायला येऊन बसतो. तो रागावला नाही. म्हणाला, "ग्येली ती ग्येली. आता मागं बघू नको." सासूबाईंनी घरी आल्यापासून हे वाक्य चार वेळा म्हटलंय.

मी हसून सोडून दिलं. तुझी बहीण आहे ना.

राही


देवरूख, ३० ऑक्टोबर २०२५

चि. राही,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गळा बंद नसता तर रस्त्यावर जाऊन मोठ्याने वाचलं असतं.

तीस वर्षं मी गावोगाव घसा फोडून जे सांगत आलो, ते या पोरीने दोन घावनं खाऊन सिद्ध केलं! जरा विचार कर. त्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणी एक माणूस गारगोटी तासत बसला होता. वीज का पडते हे त्याला कळत नव्हतं, साप चावला की माणूस का मरतो हे कळत नव्हतं. त्याने अंधाराला घाबरावं हे त्याला शोभलं. आपल्याला शोभत नाही. आपण शाळा काढल्या, सूक्ष्मदर्शक आणला, आणि तरी एका शेंदरी दगडाच्या वीस पावलं अलीकडे आपले पाय थांबतात. भीती ही या देशातली सर्वांत जुनी सत्ता आहे, राही. तिला निवडणूक लागत नाही, सैन्य लागत नाही. आया ती मुलांना दुधातून पाजतात, आणि मुलं मोठी होऊन तिला संस्कार म्हणतात.

तुझा महिपत म्हणतो मागे बघू नको. मी म्हणतो, बघ! शंभरदा बघ! मागे दगड आहे, दगडावर शेंदूर आहे आणि शेंदराखाली पुन्हा दगड आहे.

आता पुढचं संस्कृतीला दे, तिचं तिला वाचू दे.

संस्कृती, तू माझी शूर मुलगी. डिसेंबरात माझं मौन सुटेल तेव्हा पहिल्या सभेत पहिलं वाक्य तुझ्याबद्दल बोलणार आहे. "माझी नऊ वर्षांची भाची राखणदाराच्या मांडीवर बसून जेवून आली आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही." हजार माणसं टाळ्या वाजवतील. घाबरट लोक तुला काहीबाही सांगतील. तू घाबरायचं नाही. माझं नाव राख.

तुझा मामा,
गुरुप्रसाद


वरची वाडी, ६ नोव्हेंबर २०२५

दादा,

उत्तराला उशीर झाला. संस्कृतीला ताप आहे. आज चौथा दिवस.

घाबरण्यासारखं नाही. सरकारी दवाखान्यात नेलं होतं, रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. तापाच्या गोळ्या दिल्यात. गोळी दिली की दोन तास उतरतो आणि मग असा चढतो की तिच्या अंगावर हात ठेवला तर तव्यावर ठेवल्यासारखं वाटतं. डोकं दुखतं म्हणते. डोळे लाल आहेत. कालपासून उजेड नको म्हणते, म्हणून खिडकीला चादर लावलीय. विनीत परवाच मुंबईला गेला होता, त्याला परत बोलावलंय.

सासूबाईंचं तू ओळखलंच असशील. त्यांचं म्हणणं, राखणदाराला जाऊन विचारू, महिपतला कौल लावायला सांगू. मी नाही म्हटलं. पण तेव्हापासून त्यांचीच जास्त भीती वाटते. दिवसभर पोरीच्या उशाशी बसून तिच्याकडे बघत असतात, जणू ती दुसऱ्याची आहे.

तुझं पत्र संस्कृतीने दप्तरात ठेवलंय. वर्गात वाचून दाखवलं म्हणे.

तू काळजी करू नकोस. गळा सांभाळ.

राही


देवरूख, ७ नोव्हेंबर २०२५

चि. राही,

बाबल्याने सकाळी पाकीट दिलं, दुपारच्या गाडीने हे परत पाठवतोय. नीट वाच.

ताप म्हणजे ताप. पाऊस संपल्यावर कोकणातल्या घराघरात तो येतो. कुणी राखणदाराच्या जाळीत बसलेलं असो की शाळेच्या बाकावर. पोरीला पाणी पाज, पेज दे, पुन्हा रक्त तपास. इथपर्यंत मी शांत आहे.

पण महिपतकडे जायचं नाही. हे मी मोठा भाऊ म्हणून सांगतो, विनंती म्हणून नव्हे. तू पोरीला घेऊन त्या दगडापुढे उभी राहिलीस, तांदळाचे दाणे कुठल्या बाजूने पडतात ते बघत राहिलीस, तर माझ्या तीस वर्षांच्या कामाला माझ्या घरातून चूड लावल्यासारखं होईल. गावोगावच्या लोकांना मी काय तोंडाने सांगू? त्यांच्या बायकांनी कौल लावायचा नाही आणि माझ्या बहिणीने लावायचा? तसं काही केलंस तर मला पत्र लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

आणि डॉक्टरसमोर ही राखणदाराची, जाळीची गोष्ट अजिबात काढू नकोस. सासूबाईंनाही काढू देऊ नकोस. तो डॉक्टर तुमच्याकडे अडाणी म्हणून बघेल आणि मनातल्या मनात म्हणेल, ही त्या गुरुप्रसादची बहीण! डॉक्टरला ताप सांगायचा, औषध घ्यायचं, घरी यायचं. बाकी सगळं गप्प.

संस्कृतीला सांग, शूर मुली तापाला घाबरत नाहीत.

गुरुप्रसाद


रत्नागिरी, १० नोव्हेंबर २०२५

दादा,

हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. परवापासून आम्ही इथे आहोत. गावातल्या गोळ्यांनी काही होईना, म्हणून युसुफने रिक्षातून आणलं. रस्ताभर तो मागे वळून विचारत होता, "भाभी, श्वास चाललाय ना?" आणि मी दर वळणावर तिच्या नाकाशी बोट धरत होते.

इथे सगळं पुन्हा तपासलं. डेंग्यू नाही, टायफॉईड नाही. सलाईन चालू आहे. दोन प्रकारची इंजेक्शनं दिली, त्यांनी काही फरक नाही. अंगावर बारीक लाल पुरळ आलाय. आज सकाळपासून ती असंबद्ध बोलते आहे. "दोरीच्या बाहेर पाय ठेवू नको," असं मला म्हणाली. मग म्हणाली, "माझा चौकोन कुणी भरला?" डोळे उघडे होते, पण मी तिला दिसत नव्हते. श्वास भरभर चाललाय, छोट्या कुत्र्यासारखा. डॉक्टरीणबाई मघाशी बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून उभ्या होत्या.

त्यांनी परवाच विचारलं होतं, "पंधरा दिवसांत कुठे बाहेर गेला होता का? रानात, शेतात?" मी म्हटलं, नाही. शाळा आणि घर. तू सांगितलंस तेच केलं.

आजही त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. एकदा सांगितल्यावर बदलायचं कसं?

दादा, एक गोष्ट आहे. ती तुला लिहिणार नाही.

तू येऊ नकोस. खरंच येऊ नकोस. आत एकाच माणसाला सोडतात आणि तुझ्या ओल्या गळ्याला इस्पितळाची हवा नको.

राही


देवरूख, ११ नोव्हेंबर २०२५

राही,

रागाने एक पत्र लिहिलं. दोन पानं झाली. त्यात मी तुला विचारलं होतं, कौल लावलास की नाही, खरं सांग. मग ते पुन्हा वाचलं आणि मला दिसलं की त्या दोन पानांत संस्कृतीचं नाव एकदाही नव्हतं. माझं सात वेळा होतं. ते फाडून टाकलं.

तुला एक गोष्ट आठवते आहे का, मला माहीत नाही. माझा अंदाज आहे की आठवते आणि तू बारा वर्षं बोलली नाहीस.

आईच्या छातीत गाठ होती. तिने आठ महिने ती लपवली. उपास करत राहिली, अंगारा लावत राहिली, आणि आपल्याला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही हकिकत मी किती सभांत सांगितली आहे! "माझी आई अंधश्रद्धेची बळी." तिथे माझा आवाज दरवेळी भरून येतो आणि तो खोटा नसतो. पण तिला अग्नी देऊन घाटावरून परत येताना तू मला एक वाक्य म्हणाली होतीस. "दादा, ती देवाला घाबरत नव्हती. अंगारा लावलेला तुला दिसेल म्हणून घाबरत होती." हे वाक्य मी कुठल्याही सभेत सांगितलं नाही. मी तुला तिथेच रस्त्यावर झापलं होतं.

मी काही फार थोर लिहीत नाहीये. मला भीती वाटते आहे. तू म्हणालीस, एक गोष्ट आहे आणि ती लिहिणार नाही. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

मला सांगू नकोस. डॉक्टरांना सांग. जे असेल ते सांग, जाळी, राखणदार, कौल, सासूबाई जे म्हणाल्या ते, सगळं. त्यातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे त्या ठरवतील. सात तारखेच्या पत्रातली गप्प राहायची ओळ मी मागे घेतो. कौल लावला असशील तर लावलास. मी लिहायचं थांबवणार नाही, तूही थांबवू नकोस.

हे मिळताक्षणी आत जा.

दादा


रत्नागिरी, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

युसुफने पाकीट सकाळी नऊला हातात दिलं. जिन्यातच वाचलं. मग आत गेले. आता बारा वाजलेत. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मला सुधरणार नाही.

पाच तारखेला तिचं अंग पुसताना मला तिच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, एक काळा डाग दिसला होता. वाटाण्याएवढा. भोवती लाल कडं आणि मधे काळी खपली, कुणी उदबत्ती टेकवावी तसा. दुखत नव्हता. म्हणजे तुला सहा तारखेला "घाबरण्यासारखं नाही" असं लिहिलं तेव्हा मला तो दिसून एक दिवस झाला होता. सासूबाईंनी बघितला आणि त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "ह्ये राखणदाराचं बोट. त्यानं खूण केलीन पोरीवर." त्यांनी अंगारा लावला, वर चिकटपट्टी लावली, आणि मी लावू दिली. त्या क्षणी मला तुझं कुठलंच भाषण आठवलं नाही, दादा. मला फक्त तो डाग दिसत होता.

आणि हो, कौल लावला. आठ तारखेला सकाळी. सासूबाई पोरीला रत्नागिरीला न्यायला तयारच नव्हत्या. म्हणत होत्या, देवाचं दुखणं सुईनं वाढतं. विनीत आईपुढे बोलेना. तेव्हा मीच सासूबाईंना घेऊन महिपतकडे गेले. त्याने दगडाला दाणे लावले आणि मोठ्याने विचारलं, "पोरीला दवाखान्यात न्यावी काय? न्यायची आसंल तर उजवा दे." उजवा पडला. तो सासूबाईंना म्हणाला, "ऐकलंस ना मालनवयनी? आता वाट आडवू नको. रिक्षा बोलाव." तासाभरात आम्ही निघालो. आता तू काय म्हणायचं ते म्हण.

इथे दाखल करताना नर्सने पट्टी बघून विचारलं, काय आहे? मी म्हटलं, गळू. अंगारा लावलेला दिसेल, मग सगळं सांगावं लागेल, मग डॉक्टर तुझं नाव विचारतील, असं काय काय मनात आलं. चार दिवस तो डाग त्या पट्टीखाली होता आणि मी शेजारी बसून होते.

आज डॉक्टरीणबाईंसमोर पट्टी मी स्वतः काढली. त्या वाकल्या. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "ही गवतात बसली होती?"

"हो."

"कुठे?"

"सड्यावर. झुडपात. अर्धा तास."

"कधी?"

"सव्वीस तारखेला."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग सरळ उभ्या राहिल्या. "आणि मी दोनदा विचारलं तेव्हा हे सांगायला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "माझा भाऊ रागावला असता."

एक्केचाळीस वर्षांची बाई मी, दादा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नर्सही बघत राहिली. मग बाई धावत गेल्या आणि औषध बदललं.

स्क्रब टायफस म्हणतात याला. गवतात मोहरीहून बारीक कीड असते, ती चावते. चावलेलं कळत नाही. जिथे चावते तिथे हा डाग उठतो, आणि बहुतेक वेळा तो डागच डॉक्टरला सगळं सांगतो. वेळेत कळलं तर साध्या औषधाने उतरतो. वेळेत नाही कळलं तर काय, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, दोन दिवस वाट बघू. फुप्फुसाला सूज आहे, प्राणवायू लावलाय. मूत्रपिंडाचं उद्या कळेल.

तू येऊ नकोस असं का लिहिलं तेही सांगते. तू आला असतास तर मला तुझ्याही समोर खोटं बोलावं लागलं असतं. पत्रात खोटं लिहायला सोपं जातं. तोंडावर मला जमत नाही.

ती आत एकटी आहे. काचेतून तिचे पाय दिसतात, पांघरुणाबाहेर आलेले. हलत नाहीत.

राही


देवरूख, १२ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ

राही,

शेवटच्या गाडीने पाठवतोय, म्हणून थोडंच.

राखणदाराने काही केलेलं नाही. कीड चावली. हे मी मरेपर्यंत म्हणणार आहे आणि तूही म्हण, सासूबाईंच्या तोंडावर म्हण. पण डाग तुमच्या डोळ्यांसमोर होता, डॉक्टर दोन हातांवर होत्या, आणि मधे मी उभा होतो. देवरूखात बसून, मुका, तरी मधे उभा होतो. मी लोकांना विचारत आलो, दगडाला कसले घाबरता? मला कसले घाबरता, हे मी कधी घरात विचारलं नाही. विचारलं असतं तरी कुणी खरं सांगितलं असतं का, कुणास ठाऊक.

महिपतचा कौल उजवा पडला म्हणून पोर इस्पितळात पोचली, हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. गळा आधीच दुखतोय. पण ते खरं आहे, म्हणून लिहून ठेवतो. तो दाणा कुठल्या बाजूने सैल लावायचा हे महिपतला माहीत असणार अशी मला दाट शंका आहे. ती खरी असेल तर त्या माणसाला मी ओळखलंच नाही.

येत नाही. तू येऊ नको म्हणालीस आणि या वेळी तुझं ऐकायचं आहे. बाबल्याला सांगितलंय, रत्नागिरीहून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या माणसाकडे विचार. मी स्टँडच्या बाकावर बसतो. लोक येतात, "सर, काय म्हणताय?" विचारतात, मी गळ्याकडे बोट दाखवतो. त्यांना वाटतं शस्त्रक्रिया.

पत्र नाही तर नुसता कोरा कागद पाठव. ती आहे एवढं मला कळेल.

दादा


रत्नागिरी, १५ नोव्हेंबर २०२५

दादा,

कोरा कागद पाठवायला मी धजले नाही. तो बघून तुला काय वाटलं असतं कोण जाणे. म्हणून काही सांगण्यासारखं होईपर्यंत थांबले. मला माफ कर.

काल दुपारी ताप उतरला. जेवणाच्या वेळी अंग गार लागलं. मला आधी वाटलं, गेली. मी इतकी किंचाळले की बाहेरून विनीत धावत आला. नर्सने माझा हात धरून तिच्या छातीवर ठेवला. छाती वर जात होती, खाली येत होती. घामाने उशी भिजली होती. बारा दिवसांत पहिल्यांदा घाम आला.

धोका टळला असं बाई अजून म्हणत नाहीत. मूत्रपिंडाचा आकडा खाली येतोय, पण हळू. प्राणवायू दिवसा काढतात आणि झोपताना लावतात. मी झोपत नाही. डोळे मिटले की तो श्वास मोजायचा राहील असं वाटतं.

बाईंनी परवा विचारलं, तिथे अजून कोण कोण होतं? मी सगळ्यांची नावं दिली. त्यांनी सानवीला फोन केला, सगळ्यांना तपासलं. दोन मजूर ताप अंगावर काढत होते. एकाच्या गुडघ्यामागे तसाच डाग निघाला. त्याच्या बायकोने तो पदराने झाकायचा प्रयत्न केला, असं सानवी म्हणत होती. दोघांना औषध सुरू झालंय.

सासूबाईंना मी तुझं वाक्य ऐकवलं. कीड चावली, राखणदार नाही. त्या म्हणाल्या, "मंग ती कीड कुनाची?" यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर पाठव. पण औषधाच्या वेळा आता त्याच सांभाळतात. नर्स पाच मिनिटं उशिरा आली तर तिला फैलावर घेतात.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

आज सकाळी संस्कृती नीट शुद्धीवर आली. पेज मागितली, चार चमचे घेतली. मग मला जवळ बोलावून विचारलं, "डाग गेला?" मी म्हटलं, जाईल, तुला कसा माहीत? तो तर तुझ्या पाठीकडच्या बाजूला आहे.

ती म्हणाली, "मला तुझ्याआधीच कळला होता. मामाचं पत्र आलं ना, त्याच्यानंतर तीन दिवसांनी. आंघोळीला हाताला लागला. मग आरशात बघितला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "आजी म्हणाली असती राखणदार. मग मी रडले असते. मग मामाने सभेत दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं असतं."

मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. दोष वाटायचा म्हटला तर मला माझाच पुरून उरेल. पण तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आणि तुझ्यापासून आता काही झाकायचं नाही, असं मी त्या जिन्यात ठरवलंय.

तिने विचारलं, मामाला लिहितेस का? मी म्हटलं, हो. "तो रागावेल?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच मला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, शेवटचं मी लिहिणार. सुई टोचलेला हात आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय. कागद मी धरलाय, शब्द तिचे आहेत.

राही


मामा, मी जाळीत बसले तेव्हा मला भीती नव्हती. नंतर खूप वाटली. डाग बघून वाटली आणि ताप आल्यावर वाटली. अजून वाटते. हे सभेत सांग.

संस्कृती